मागच्या चाकांचे ब्रेक : लक्ष कोणी द्यायचं?

गणपतीला महिनाभर उरला की मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या सोसायट्यांतून कोकणची तयारी सुरू होते. इथून न्यायचा किराणा, गावी द्यायचे कपडे, आरतीचं सामान, साऱ्याची यादी गृहिणीच्या डोक्यात पक्की असते. गाडीची यादी मात्र यजमानांकडे, नाहीतर चिरंजीवांकडे. पेट्रोल, चाकांतली हवा आणि गाडी धुऊन घेणं, एवढ्यावर ती बहुधा आटोपते. ब्रेकचं विचारलं तर उत्तर मिळतं, "लागतात की चांगले!"

लागतात ते पुढचे. मागचे किती उरलेत हे त्या उत्तरातून काही कळत नाही. म्हणून आज थोडं मागच्या चाकांच्या ब्रेकविषयी. आणि तेही वेगवान, ताकदीच्या गाडीच्या ब्रेकविषयी, कारण अशा गाड्या हल्ली उपनगरांतल्या साध्या घरांतही येऊ लागल्या आहेत. नवी लहान गाडी घेण्याऐवजी त्याच पैशांत चार-सहा वर्षं वापरलेली दमदार गाडी घ्यायची, असा तरुण मुलांचा हिशेब असतो. उदाहरण द्यायचं तर २०१७ साली आपल्याकडे आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. आईला सांगताना ती "पाच माणसांची, मोठ्या डिकीची घरगुती गाडी" असते, आणि ते खोटंही नाही. पण तिच्या इंजिनात २३० अश्वशक्ती आहे, हे मित्रांना आधी कळतं आणि आईला सावकाश!

आता ताकदीचा आणि ब्रेकचा संबंध पाहा. गाडीचा वेग दुप्पट झाला की ती थांबवण्यासाठी ब्रेकला चौपट काम पडतं. ताशी ४० किलोमीटरवरून थांबणं आणि ८० वरून थांबणं यांत दुपटीचा नव्हे, चौपटीचा फरक आहे. त्यात गाडी जड. मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास असे. ही दीड टनाच्या घरात. आरे कॉलनीच्या रस्त्याने सावकाश जाताना हा फरक जाणवत नाही. द्रुतगती महामार्गावर पुढच्या ट्रकने अचानक लेन बदलली की जाणवतो.

ज्यांच्या माहेरी जुनी फियाट होती त्यांना ब्रेकचं बोलणं आठवत असेल. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली; तीच पुढे पद्मिनी झाली. तिच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. बंद डब्यासारखा ड्रम आणि त्याला आतून दाबणारे दोन अर्धगोल लायनर. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरायचं आणि मग दोन-तीनदा पाय दाबून ब्रेक "सुकवावे" लागायचे. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तरी लायनर हा शब्द गॅरेजात अजून आहे. आजही पुष्कळ लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रमच असतो. वेगवान गाड्यांना मात्र चारही चाकांना डिस्क. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी ती डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे ते ब्रेक पॅड, आणि तो चिमटा म्हणजे कॅलिपर. एवढे तीन शब्द लक्षात राहिले तरी गॅरेजात कोणी आपल्याला गुंडाळू शकत नाही.

लोकल स्टेशनात शिरताना ब्रेक लागला की उभ्या बायका एकदम पुढे झुकतात ना? गाडीचंही तसंच. ब्रेक दाबताच सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचे ब्रेक करतात. यावरून जुन्या ड्रायव्हरांत एक समज पक्का बसला आहे, की "मागचे काय, संपतच नाहीत." नव्या गाड्यांना हा नियम लावून चालत नाही. गाडी वळणावर घसरू नये, ब्रेक मारताच नाक खाली जाऊ नये, म्हणून आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपल्या नकळत मागचे ब्रेक थोडे थोडे वापरत असते. आणि मागचे पॅड बहुधा मुळातच पुढच्यांपेक्षा पातळ. त्यामुळे अशा कित्येक गाड्यांत मागचे पॅड पुढच्यांच्या आधी झिजतात, आणि तिकडे कोणी पाहतच नाही.

दुसरा शत्रू आपल्या हवेतला आहे. उपनगरात गाडी आठवड्यातले पाच-सहा दिवस कंपाउंडमध्ये उभी असते. माणसं लोकलने नाहीतर मेट्रोने जातात. जून ते सप्टेंबर त्या डिस्कवर पाऊस पडतो आणि लाल गंज चढतो. रविवारी गाडी काढल्यावर पहिले चार ब्रेक खरखरत लागतात आणि गंज निघून जातो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मागचे ब्रेक हलकेच लागत असतील तर तो पुरता निघत नाही. डिस्कला खड्डे पडतात, कॅलिपरच्या पिना जाम होतात, आणि मग एकच पॅड घासत राहतो. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा नव्यासारखा, हा प्रकार गॅरेजात नेहमी दिसतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठ-आठ दिवस ठेवली तर पॅड किंवा लायनर चिकटूनही बसतात. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकाला पुढून-मागून लाकडी गुटका लावलेला बरा. उतारावर, रॅम्पवर मात्र हँडब्रेक हवाच. तिथे ही काटकसर नको.

तपासायचं कसं? डोळ्यांनी आणि कानांनी. अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून टॉर्च मारली की डिस्क दिसते, आणि तिला टेकलेला बाहेरचा पॅडही. पॅडला मागे लोखंडी पत्रा असतो. तो सोडून उरलेला घासणारा थर मोजायचा. आपल्या रुपयाच्या दोन नाण्यांची चवड साधारण तीन मिलिमीटर भरते. थर तेवढाच उरला असेल तर पॅड बदलायची वेळ आली. त्याहून कमी असेल तर उद्यावर ढकलू नका. आतला पॅड मात्र असा दिसत नाही, त्यासाठी चाक काढावंच लागतं. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी "चारही चाकं काढून पॅड बघा आणि किती मिलिमीटर उरले ते बिलावर लिहा" असं स्पष्ट सांगावं. "बघितले, ठीक आहेत" हे उत्तर मोजमाप नव्हे.

कानांचं काम मागच्या सीटवर बसणाऱ्यांचं. तिथे बहुधा आपण असतो आणि मुलं असतात. ब्रेक दाबताना बारीक किंकाळीसारखा आवाज सतत येत असेल, तर पॅडला मुद्दाम लावलेली धातूची पट्टी डिस्कला लागू लागली आहे. ती सूचनेसाठीच असते. लोखंडावर लोखंड खरडल्यासारखा आवाज आला तर पॅड संपलेच, आणि आता दर ब्रेकला डिस्क खरवडली जात आहे. पॅडच्या खर्चात भागलं असतं ते काम मग डिस्कच्या खर्चात जातं, आणि दोन डिस्क म्हणजे घरखर्चातला मोठा घास. गाडी थांबल्यावर एकाच चाकापाशी जळका वास येत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही असं समजावं. हात लावून बघू नये, चांगलंच भाजतं.

आता गॅरेज. बायकांनी तिथे उभं राहणं अजूनही काही जणांना विचित्र वाटतं. वाटू द्या. दूध उतू जातंय का हे जिला दुरून कळतं, तिला मेकॅनिक काय करतोय हे बघायला शिकवावं लागत नाही. पॅड नेहमी जोडीने बदलतात, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली घोडी हवी. सोडवलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधून ठेवावा. पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावावं. जुन्या पॅडची काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, मुलांना तर जवळही उभं करू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि आजची धूळही फुप्फुसांना काही हितकारक नाही.

मागच्या ब्रेकची खरी मेख पुढेच आहे. नवा जाड पॅड बसवण्यासाठी कॅलिपरमधला पिस्टन मागे सारावा लागतो. पुढच्या चाकाचा पिस्टन सरळ दाबला की आत जातो. पण मागच्या कॅलिपरमध्ये पुष्कळदा हँडब्रेकची यंत्रणाही असते, आणि असा पिस्टन स्क्रूसारखा फिरवत आत न्यावा लागतो. तो जोर लावून दाबला तर आतली यंत्रणा मोडते, हँडब्रेक जातो आणि अख्खा कॅलिपर नवा घ्यावा लागतो. बटणाने लागणारा विजेवरचा हँडब्रेक असेल तर आधी गाडीच्या संगणकाला "आता पॅड बदलणार" असं यंत्र जोडून सांगावं लागतं. तेव्हा काम देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : "मागचा पिस्टन कसा मागे घेणार?" ज्याला येतं तो लगेच सांगेल. जो चिडेल किंवा "होऊन जाईल, ताई" म्हणेल, त्याच्याकडून चहा न घेताच निघावं.

पॅड मात्र नावाजलेल्या कंपनीचे, बंद खोक्यातले, बिलासह घ्यावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. तिथून घेणार असाल तर जुन्या पॅडवरचा नंबर नव्याशी ताडून पाहा. डिस्कवर तिच्या किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजमाप त्याखाली गेलं असेल तर लेथवर घासून "चकाचक करून देतो" हा सल्ला ऐकू नका. पातळ डिस्क लवकर तापते. आणि जुने पॅड मागून घ्या. ते खरोखर बदलले याचा तोच पुरावा, शिवाय आतला-बाहेरचा सारखा झिजलाय का हेही घरी निवांत बघता येतं.

ब्रेक ऑइलकडेही त्याच फेरीत बघून घ्या. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, अगदी आपल्या पावसाळ्यात बरणीतलं मीठ शोषतं तसं. नवं डॉट-४ ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरत गेली की ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, तर पाय सरळ खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

मुलगा म्हणेल, मी घरीच बदलतो, व्हिडिओ पाहिलेत. चाक काढून पॅड तपासायला माझी ना नाही, ते प्रत्येकाला यावं. बदलण्याचं काम मात्र पहिल्यांदा जाणत्याच्या देखरेखीखालीच करू द्या. आणि कोणीही बदलले तरी गाडी जागची हलवण्यापूर्वी ब्रेकचं पेडल आठ-दहा वेळा दाबून घट्ट करून घ्यायलाच हवं. पिस्टन मागे गेलेला असतो. पेडल न दाबता गाडी सुरू केली तर पहिला ब्रेक लागतच नाही, आणि समोर सोसायटीची भिंत असते, नाहीतर खेळणारी पोरं.

ज्या स्वतः स्कूटर चालवतात त्यांच्यासाठी दोन शब्द. डाव्या हाताचा तो मागचा ब्रेक, पुष्कळ स्कूटरना तिथे ड्रमच असतो. लिव्हर हँडलला टेकू लागली की मेकॅनिक मागचा नट आवळून देतो. पण पुष्कळ ड्रमवर एक छोटा बाण आणि खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेशी पोचला की नट आवळून उपयोग नाही, लायनरच बदलायचे.

नवे पॅड बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही; पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे कशेडीचा घाट उतरायचा असेल तर हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, चांगलं दोन-तीन आठवडे आधी उरकायला हवं. घाटातही सगळा भार ब्रेकवर टाकू नये. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं. गाडी ऑटोमॅटिक असली तरी गिअर हाताने खाली घेण्याची सोय असते. आणि पॅड कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर बदलले, किती मिलिमीटर होते, हे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. बिलं हरवतात, गाडीच्या कप्प्यातली वही सापडत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर निदान वर्षभर जागच्या जागी असतं.