बक्षीस मिळालेलं घर आणि आपलं घरकुल

आपल्या किहीमच्या आसपास बंगल्यांची कामं बारमाही चालू असतात. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं साफसफाईला, बागकामाला, स्वयंपाकाला जातात. तरी ‘या घराला बक्षीस मिळालंय’ असं कुणी म्हटलं, की आपल्याला नवल वाटतं. घराला कसलं आलंय बक्षीस? आज तेच जरा उलगडून सांगतो.

बिजॉय जैन हे वास्तुविशारद अमेरिकेत शिकले आणि १९९५ साली भारतात परतले. त्यांच्या संस्थेचं नाव स्टुडिओ मुंबई. नावात मुंबई असली, तरी बरीच वर्षं त्यांचं काम अलिबागच्या बाजूलाच चाललं. तिथं सुतार, गवंडी आणि शिकलेले आर्किटेक्ट एकत्र बसून काम करत. आधी लाकडाचा नमुना करून बघायचा, जमला तर पुढे जायचं. २०१० साली इटलीतल्या व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी ही कार्यशाळाच मांडली आणि परीक्षकांनी तिची खास दखल घेतली. पुढे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडचा एक पुरस्कार आणि २०२० मध्ये फिनलंडचं आल्वार आल्टो पदक जैन यांना मिळालं.

त्यांचं एक गाजलेलं काम म्हणजे नांदगावचं पाल्मायरा हाऊस. पाल्मायरा म्हणजे आपला ताड! २००७ साली नारळाच्या वाडीत, समुद्राजवळ हे घर उभं राहिलं. एक सलग मोठी इमारत न बांधता समोरासमोर दोन लांबट घरं केली. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, लाकडात लाकूड अडकवून जोडलेला. बाहेरून ताडाच्या खोडाच्या पट्ट्या तिरक्या बसवल्या. त्यांतून वारा आत येतो, ऊन मात्र अडतं. पाणी वाडीतल्या विहिरींचं. ते उंच टाकीत चढवतात आणि उतारानं घरात येतं. आगा खान पुरस्काराच्या २०१० च्या यादीत जगभरातली १९ कामं होती, त्यांत हे घर होतं. बक्षीस पाचांना मिळालं, त्यांत हे नव्हतं. पण यादीत नाव येणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

आता खरं बोलू. असं घर आपल्याला परवडणारं नाही. ते सुट्टीला येणाऱ्यांचं घर आहे. पण परीक्षकांना आवडतं ते काय, तर वारा, सावली, जवळचं सामान आणि कारागिराचा हात. यातलं वारा आणि सावली तरी विकत घ्यावी लागत नाही. आपल्या जुन्या घरांना पडवी होती, उंच आढं होतं, कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची. आता स्लॅब टाकताना पडवी कापली जाते आणि खिडकी एकाच भिंतीला येते. मग मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही, आणि चुलीचा धूर बाईच्या छातीत.

किहीमची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास इथंच सुगरणीच्या घरट्यांचं निरीक्षण केलं. नाव सुगरण, पण घरटं विणतो नर. अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पटलं तर राहते, नाहीतर निघून जाते. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा बायका खूप हसल्या. कारण आपल्याकडे घराचा आराखडा घरमालक आणि गवंडी ठरवतात, आणि बाईला विचारतात ते टाइल्सचा रंग.

प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल मंजूर झालं असेल, तर हे लक्षात घ्या. ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं, स्वयंपाकाची जागा धरून. कागद बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. बांधायचं आपणच, आणि काम जसं पुढे सरकेल तसे हप्ते मिळतात. म्हणून जोतं घालण्याआधीच गवंड्याला सांगा: समोरासमोर दोन खिडक्या हव्यात, चुलीच्या वर धूर जायला वाट हवी, आणि पावसाची झड येते त्या नैऋत्येच्या बाजूला छप्पर दोन हात पुढे काढा. जोतं झाल्यावर भिंतींच्या जागा बदलायला पैसे लागतात. त्याआधी जमिनीवर फक्कीनं रेघा मारून बघायला काहीच लागत नाही.