शिवल्याने जंत होत नाहीत : निर्वासित मुलांची पोटाची तपासणी

थायलंडच्या सीमेवर माए ला नावाची छावणी आहे. ब्रह्मदेशाच्या लष्करामुळे गाव सोडावे लागलेले केरेन लोक १९८४ पासून तिथे राहतात. त्यांच्यात बौद्ध आहेत, ख्रिस्तीही आहेत. सीमेवरच्या अशा छावण्यांतली हजारो कुटुंबे पुढे अमेरिकेत गेली. त्यातली बरीच मिनेसोटा राज्यात स्थायिक झाली. तिथे पोचलेल्या मुलांची आरोग्य तपासणी होते आणि पोटात जंत आहेत का, हे त्यात पाहिले जाते. आपल्या वस्तीतल्या आईबापांनी ही तपासणी समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते. कारण जंत बरेचसे तेच आहेत, आणि त्यांची लाजही तीच आहे.

जंत येतात कुठून?

संडास नसेल किंवा तो तुंबलेला असेल, तर जंतांची अंडी मातीत जातात. गोल जंत आणि चाबूक जंत यांची अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहून तयार होतात. मग न धुतलेले हात, कच्ची भाजी, दूषित पाणी यांतून ती पोटात जातात. हूकवर्म, म्हणजे आकडी जंत, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल फिके पडते, लवकर थकते, वर्गात पेंगते. पुष्कळ मुलांना मात्र काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून तपासणी लागते.

एक गोळी, मोठा फरक

१९९९ पासून आफ्रिका आणि आग्नेय आशियातून अमेरिकेला जाणाऱ्या निर्वासितांना निघण्यापूर्वीच अल्बेंडाझोलची गोळी देणे सुरू झाले. मिनेसोटात आलेल्या सुमारे २७ हजार निर्वासितांच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या. गोळी न घेतलेल्यांपैकी २०.८ टक्के लोकांच्या शौचात जंत सापडले. गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ४.७ टक्के होते.

पण एका गोळीने सगळे मरत नाही. जिआर्डिया हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी त्या गोळीनंतरही तेवढाच आढळला. आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमावरही तिचा परिणाम दिसला नाही. त्याला वेगळे औषध लागते. म्हणून डॉक्टर आधी विचारतात: कुठे राहिलात, कुठले पाणी वापरलेत, कोणते औषध मिळाले? मग गरजेप्रमाणे वेगवेगळ्या दिवशीचे दोन-तीन शौचाचे नमुने घेतात, कारण एका नमुन्यात अंडी सुटू शकतात. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढल्या आहेत का, तेही बघतात.

गप्प बसलेला जंत

स्ट्राँगिलॉइडिस हा जंत माणसाच्या आतच पुन्हा पुन्हा वाढतो आणि काहीही त्रास न देता दशकानुदशके राहू शकतो. शौचात तो सहजी सापडत नाही, त्यासाठी रक्ताची तपासणी करतात. अशा माणसाला दम्यासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी स्टिरॉइड दिले, तर जंत अंगभर पसरून जिवावर बेतू शकते. हा जंत भारतातही आढळतो. आयुष्यभर शेतात, चिखलात अनवाणी राबलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना स्टिरॉइड द्यायचे ठरले, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

लाज कसली?

अंडी मातीत तयार व्हावी लागतात, म्हणून शेजारी बसल्याने, शिवल्याने किंवा हातात हात घेतल्याने गोल जंत किंवा आकडी जंत होत नाहीत. केरेन मुलाच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला त्यापासून धोका नाही. जिआर्डिया हातांवाटे पसरू शकतो, पण त्यावर साबण हाच उपाय आहे, माणसाला दूर ठेवणे हा नव्हे. आपल्या समाजाला 'अस्वच्छ' म्हणून किती पिढ्या दूर ठेवले, हे आपण विसरू शकत नाही. तोच शब्द कुठल्याही मुलाला आपल्या तोंडून जाऊ नये. जंत त्या मुलाचा दोष सांगत नाहीत. त्याला संडास आणि शुद्ध पाणी मिळाले नव्हते, एवढेच सांगतात. अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदांसह आपल्या हाताने धुतले होते. तो प्रसंग अशा वेळी आठवावा.

आपल्या घरी काय करावे?

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. साधारणपणे १० फेब्रुवारीला, आणि अनेक ठिकाणी पुन्हा ऑगस्टमध्ये, १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोल मोफत मिळते. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून पाण्यातून देतात, मोठ्यांना एक पूर्ण गोळी देतात; तीन वर्षांपुढच्यांना ती चावून खायला सांगतात. त्या दिवशी मूल आजारी असेल तर ताईंना सांगावे, बरे झाल्यावर गोळी घेता येते. गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी झाली, तर ती बहुधा लवकर थांबते. त्रास वाढला तर दवाखाना गाठावा. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये.

गोळीने आजचे जंत जातात, उद्याचे अडत नाहीत. पायात चप्पल, जेवणाआधी आणि संडासनंतर साबणाने हात, नखे कापलेली, भाजी धुतलेली, एवढे घरात सांभाळावे. सार्वजनिक संडास तुंबला असेल तर मात्र वस्तीने एकत्र जाऊन वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तो संडास चालू होणे हेही आपल्या मुलांचे औषधच आहे.