लवेचं चिलखत
टोमॅटोची पानं हाताळली की बोटं चिकट होतात, हिरवट-पिवळी पडतात. हा पानांवरच्या बारीक लवेतला रस. पेरूकडच्या रानटी ‘सोलॅनम पेनेली’च्या लवेतून साखर आणि मेदाम्लं जोडून बनलेला द्रव इतका पाझरतो की पांढरी माशी तिथे ना धड बसते, ना अंडी घालते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मार्था मुट्शलर यांनी हा गुण संकरातून लागवडीच्या टोमॅटोत आणला. नुसत्या फवारणीपेक्षा ही वाट शहाणपणाची. कारण माशी औषधाने मरेपर्यंत तिने आणलेला, पानं मुरडणाऱ्या बोकड्या रोगाचा विषाणू झाडात शिरलेला असतो, आणि २०१४मध्ये पुण्याकडे आढळलेली टूटा नागअळी तर पानाच्या आतच दडते.

रानटी रक्ताबरोबर बारीक, बेचव फळही येतं, हा आक्षेप खरा आहे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लागवडीच्या वाणाशी पुन्हा संकर करावा लागतो. डीएनएच्या खुणांमुळे ती निवड आता रोपावस्थेतच होते. दुसरा आक्षेप जास्त अवघड: चिकट लव लाल कोळी खाणाऱ्या मित्रकोळ्यांनाही अडवते. तेव्हा लव किती चिकट हवी, हे ठरवताना शेतातले मित्रकीटकही मोजायला हवेत. पण सरसकट विषारी फवाऱ्यात तेही मरतातच की!