घर आणि जोखीम (लेखांक ५) : विमा फ्लॅटचा की इमारतीचा?

गेल्या आठवड्यात आपण घराच्या आगविम्याची रचना पाहिली. भूकंपाचे संरक्षण आता त्याच पॉलिसीत मिळते. पूर्वी तसे नव्हते. तेव्हा अग्निविम्यावर जादा हप्ता भरून भूकंपाचे संरक्षण वेगळे मागावे लागे आणि बरेच जण ते मागतच नसत. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व कंपन्यांसाठी एकाच मसुद्याची पॉलिसी आणली आणि आग, पूर, वादळ, दरड यांच्यासोबत भूकंपही मूळ संरक्षणात आला. त्यामुळे ‘भूकंपाचा विमा मिळतो का’ हा प्रश्न बराचसा मिटला आहे. मिटलेला नाही तो दुसराच प्रश्न : हा विमा काढायचा कोणी? मुंबई, पुणे, नाशिकसारख्या शहरांतल्या फ्लॅटधारकांपुरते माझे मत स्पष्ट आहे. भूकंपाचा विमा मुळात संपूर्ण इमारतीचा, म्हणजे सोसायटीने काढायचा विमा आहे. एकेकट्याने काढलेली पॉलिसी चांगलीच, पण ती पुरत नाही.

याचे कारण भूकंप इमारतीचे काय करतो, यात आहे. आग पुष्कळदा एका फ्लॅटपुरती राहते. भूकंपाचा मार मात्र सर्वांच्या सामाईक सांगाड्यावर बसतो. २६ जानेवारी २००१ रोजी भूजजवळ भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेक इमारतींत तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती आणि खाली नुसते खांब, अशा रचनेत सगळा ताण त्या खांबांवर येतो. आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्या अशाच स्टिल्टवर उभ्या आहेत. आता समजा, चोवीस फ्लॅटच्या इमारतीत तळाचे चार खांब तडकले. पाचव्या मजल्यावरच्या घरात भिंतीचा पोपडाही उडालेला नाही, पण महापालिकेने इमारत रिकामी करायला सांगितली आहे. चोवीसांपैकी तिघांकडेच स्वतःची पॉलिसी आहे. त्या तिघांचा दावा पूर्ण मंजूर झाला, तरी तेवढ्या पैशांत खांब सावरणार नाहीत आणि उरलेल्या एकवीस घरांकडून लाखो रुपयांची वर्गणी जमेपर्यंत त्या तिघांनाही घरी परतता येणार नाही.

ही तरतूद नव्याने शोधून काढायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच संस्थेने आपल्या इमारतीचा आग आणि भूकंप यांविरुद्ध विमा उतरवावा, असे लिहिलेले आहे आणि विम्याचा खर्च सदनिकेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, हेही सांगितले आहे. वार्षिक सभेत मात्र रंगकाम आणि पार्किंगवर तासन्‌तास जातात आणि विम्याचा विषय निघालाच तर ‘मेंटेनन्स वाढेल’ या एका वाक्यावर संपतो. ही भीती बहुधा चुकीच्या आकड्यावर उभी असते. लोक फ्लॅटच्या बाजारभावावर हप्ता मोजतात. बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमिनीचा विमा उतरवायचाच नसतो. गृह रक्षा पॉलिसीत विमा रक्कम ठरते ती कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर या हिशोबाने. साडेसहाशे चौरस फुटांच्या घराला, बांधकामाचा दर अडीच हजार रुपये धरला, तर ती होते सव्वासोळा लाख. त्याच घराचा बाजारभाव दीड कोटी असला तरी हप्ता सव्वासोळा लाखांवरच बसतो. सोसायटीने दुसऱ्या प्रकारची अग्निविमा पॉलिसी घेतली असेल, तर मात्र रक्कम कमी दाखवण्याचा मोह टाळायलाच हवा. तिथे सरासरीचे कलम लागू शकते : निम्म्या किमतीचा विमा असेल, तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई.

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतात?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. त्याला किल्लारीचे उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या नकाशात तो भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता! २००२ मध्ये नकाशा सुधारला, तेव्हा ते पहिले क्षेत्रच रद्द झाले. त्या नकाशात मुंबई आणि पुणे तिसऱ्या क्षेत्रात आहेत, तर १९६७ चा भूकंप सोसलेला कोयनेचा परिसर चौथ्यात.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे : सरकार मदत करतेच की. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, हे खरेच. पण ती बहुतांशी स्वतंत्र घरांची गावे होती आणि तो राज्याने हाती घेतलेला अपवादात्मक कार्यक्रम होता. नेहमीची मदत आपत्ती निधीच्या निकषांनी मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. निराधार झालेल्या कुटुंबाला त्याचा आधार होतो, पण त्यात बहुमजली इमारत पुन्हा उभी राहत नाही.

‘कंपनी पैसे देताना खुसपट काढते’ हा तिसरा आक्षेप निराधार नाही. भूकंपाच्या दाव्यात वाद होतो तो बहुतेक वेळा भेगा जुन्या की नव्या यावरून. त्यावरचा उपाय सोसायटीच्या कपाटात असू शकतो. उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. तो अहवाल छायाचित्रांसह असेल आणि त्यात सुचवलेल्या दुरुस्त्या केल्याच्या पावत्या असतील, तर सर्व्हेअरसमोर सोसायटीची बाजू भक्कम होते. ऑडिट टाळणारी सोसायटी सुरक्षितताही गमावते आणि पुरावाही.

इमारतीचा विमा झाला की घरातल्या सामानाचा प्रश्न उरतो आणि तो ज्याचा त्याने सोडवायचा आहे. मालकाने स्वतः गृह रक्षा घेतली असेल, तर इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, सामानाचे संरक्षण त्यात आपोआप येते. दागिने आणि किमती वस्तू वेगळ्या नोंदवाव्या लागतात. भाडेकरूंची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांचा असा समज असतो की विमा हा घरमालकाचा विषय. मालकाची पॉलिसी भाडेकरूच्या फ्रिजला, लॅपटॉपला, मुलांच्या पुस्तकांना लागू होत नाही. भाडेकरूला याच पॉलिसीत फक्त सामानाचा विमा घेता येतो आणि त्याला मालकाच्या संमतीची गरज नसते. एक मर्यादा आधीच माहीत असावी : घर राहण्याजोगे नसताना पर्यायी जागेचे भाडे देण्याची तरतूद इमारतीच्या संरक्षणाशी जोडलेली आहे. सामानापुरती पॉलिसी घेणाऱ्या भाडेकरूने ते भाडे गृहीत न धरता दोन-तीन महिन्यांचे भाडे आणि नव्या अनामतीची रक्कम वेगळी राखावी. भाडेकरारातही एक ओळ घालून घ्यावी की इमारत राहण्यास अयोग्य ठरली, तर त्या दिवसापासून भाडे थांबेल आणि अनामत ठरावीक मुदतीत परत मिळेल.