पाहुणा फलंदाज : सौदा फायद्याचा की तोट्याचा?

नागपुरातील रामदासपेठेच्या कडेने जाणारा वर्धा मार्ग तसाच दक्षिणेकडे धरला, की शहराबाहेर जामठ्याचे क्रिकेट मैदान लागते. २ मार्च २०२५ रोजी याच मैदानावर विदर्भाच्या संघाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. विजयानंतर काय होते हे तुम्हांला ठाऊकच आहे. रामदासपेठेतल्या चहाच्या टपरीपासून शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत सगळीकडे वाद रंगतात. या वेळी वादाला विषय होता करुण नायर. हा मूळचा कर्नाटकचा फलंदाज २०२३ पासून पाहुणा म्हणून विदर्भाकडून खेळत होता. एक म्हणणार, “नायर नव्हता तर करंडक आलाच नसता!” दुसरा म्हणणार, “त्याच्यामुळे आपल्या एका मुलाची जागा गेली, त्याचे काय?”

दोघेही ठासून बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण वाद मिटत नाही. विद्यार्थी मित्रांनो, अशा वादात आवाज चढवण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन बसले तर? खेळाडूची देवघेव फायद्याची ठरली की नाही, हे ठरवण्याची काही शास्त्रीय रीत आहे का? आपण पाहू या.

शून्याशी तुलना नको

प्रथम आकडे मांडू. २०२४-२५ च्या रणजी हंगामात नायरने १६ डावांत ८६३ धावा केल्या. म्हणजे एका डावाला सुमारे ५४. मग नायरमुळे विदर्भाला ८६३ धावांचा फायदा झाला, असे म्हणायचे का?

नाही. नायर नसता तर विदर्भाचा संघ काही दहाच जणांचा झाला नसता. त्याच्या जागी दुसरा कोणीतरी खेळला असता आणि त्यानेही धावा केल्याच असत्या. समजा, त्या पर्यायी फलंदाजाची सरासरी ३० असती. १६ डावांत त्याच्या ४८० धावा झाल्या असत्या. तेव्हा नायरचा खरा फायदा ८६३ वजा ४८०, म्हणजे ३८३ धावांचा. एका डावाला सुमारे २४ धावांचा. पर्यायी फलंदाज ४० च्या सरासरीचा असता, तर हाच फायदा २२३ धावांवर येतो. तेव्हा वाद घालताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : “कोणाच्या तुलनेत?”

औषधाची परीक्षा घेताना डॉक्टर हेच करतात. औषध घेतलेले रोगी बरे झाले, एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. औषध न घेतलेल्या तशाच रोग्यांपैकी किती बरे झाले, हेही ते पाहतात. औषधाचा गुण या दोहोंच्या फरकात असतो.

आता अंतिम सामना घ्या. विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी झाली होती. मग नायर आणि दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागीदारी केली. नायर ८६ धावांवर धावबाद झाला, मालेवारने १५३ केल्या आणि विदर्भाचा डाव ३७९ वर संपला. केरळने ३४२ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला. नायरच्या जागी ३० धावा करणारा फलंदाज असता तर ५६ धावा कमी झाल्या असत्या. धावसंख्या ३२३ झाली असती आणि करंडक केरळकडे गेला असता!

हिशोब बिनचूक दिसतो, पण येथे जरा थांबा. नायर लवकर बाद झाला असता, तर मालेवारने १५३ केल्या असत्या का? कदाचित साथ न मिळाल्याने कमी केल्या असत्या. कदाचित पुढच्या फलंदाजाने शतक काढले असते. क्रिकेटचा सामना म्हणजे विटांची भिंत नव्हे, की एक वीट काढून तिथे दुसरी बसवावी आणि बाकीच्या जागच्या जागी राहाव्यात. प्रयोगशाळेत तोच प्रयोग पुन्हा करता येतो. अंतिम सामना पुन्हा खेळून पाहता येत नाही. म्हणून अशा हिशोबाचे उत्तर “अंदाजे” या शब्दासहच वाचायचे असते.

३८९.५० ची सरासरी

त्याच हंगामात विजय हजारे करंडक या एकदिवसीय स्पर्धेत नायरने एक अचाट कामगिरी केली. त्याच्या आठ डावांतील धावा अशा (* म्हणजे नाबाद) : ११२*, ४४*, १६३*, १११*, ११२, १२२*, ८८*, २७. बेरीज ७७९. फलंदाजीची सरासरी काढताना एकूण धावांना डावांच्या संख्येने नव्हे, तर बाद झाल्याच्या संख्येने भागतात. नायर बाद झाला फक्त दोनदा. म्हणून सरासरी आली ३८९.५०!

हा फलंदाज प्रत्येक वेळी ३९० धावा करतो, असा याचा अर्थ कोणी लावणार नाही. दोन या लहान संख्येने भागल्यावर उत्तर असे फुगते. तो आणखी एकदा शून्यावर बाद झाला असता, तर तीच सरासरी २५९.६७ वर उतरली असती. एका डावाने सरासरी १३० ने हलते, याचा अर्थ पुरावा अजून तोकडा आहे.

या स्पर्धेचा शेवटही पाहा. अंतिम सामन्यात विदर्भाची गाठ पडली ती नायरच्या जुन्या संघाशी, कर्नाटकाशी. नायर २७ वर बाद झाला आणि विदर्भ ३६ धावांनी हरला. केवळ हा सामना पाहणारा म्हणेल, “ऐन वेळी उपयोग झाला नाही.” केवळ रणजीचा अंतिम सामना पाहणारा म्हणेल, “ऐन वेळी तोच उपयोगी पडला.” खेळाडू एकच, हंगामही एकच, निकाल मात्र उलटे. एका सामन्यावरून खेळाडू जोखणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे. पण भाताची सगळी शिते एकाच पातेल्यात शिजलेली असतात; डाव तसे नसतात.

फाशाचा खेळ : करून पाहा

दहा मित्र जमवा आणि एक फासा घ्या. १, २, ३, ४ आणि ६ पडले तर तेवढ्या धावा. ५ पडले तर बाद. प्रत्येकाने आठ डाव खेळायचे आणि आपली सरासरी काढायची.

या खेळात कोणाचेच कौशल्य नाही. सरासरीने दर सहा फेकींत प्रत्येक आकडा एकदा येणार; म्हणजे १ + २ + ३ + ४ + ६ = १६ धावा होणार आणि एकदा बाद. तेव्हा प्रत्येकाची “खरी” सरासरी १६ आहे. तरीही तुमच्या दहा जणांत एखादा २५ च्या आसपास पोचलेला दिसेल आणि एखादा १० च्या खाली रखडलेला.

आता पहिल्या आलेल्याला “विकत घ्या” आणि सर्वांना पुन्हा आठ डाव खेळायला लावा. तुमचा २५ चा वीर बहुधा १६ च्या जवळ येईल. मैदानावर हेच घडले असते तर आपण म्हणालो असतो, “पैसा मिळाला आणि खेळ बिघडला!” येथे तर नुसता फासा होता. पहिल्या वेळी नशिबाने दिलेली जादा मदत दुसऱ्या वेळी मिळाली नाही, इतकेच. या प्रवृत्तीला संख्याशास्त्रात “सरासरीकडे परतणे” म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करून ती दाखवून दिली. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी उंच नसतात.

खऱ्या खेळाडूत कौशल्यही असते आणि नशिबाचा वाटाही असतो. म्हणून उत्तम हंगामानंतर घेतलेला खेळाडू किंचित खाली येण्याचाच संभव अधिक, आणि वाईट काळात घेतलेला कसलेला खेळाडू वर येण्याचा. नायरने २०१६ साली चेन्नईच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. पुढे त्याची कर्नाटकाच्या संघातली जागाही गेली. विदर्भाने त्याला घेतले ते या उतरत्या काळात.

शिकागोचा धडा

आपल्याकडे रणजीचे खेळाडू जुन्या संघटनेचे ना-हरकत पत्र घेऊन संघ बदलतात. आयपीएलमध्ये मात्र थेट अदलाबदल होते. २०२५ च्या नोव्हेंबरात संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानला. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ही रीत फार जुनी आहे आणि तिथले वादही तितकेच जुने.

१५ जून १९६४ रोजी शिकागो कब्ज संघाने लू ब्रॉक हा तरुण फलंदाज सेंट लुइस कार्डिनल्सला दिला आणि त्याच्या बदल्यात मुख्यतः अर्नी ब्रॉलियो हा गोलंदाज घेतला. ब्रॉलियोने आदल्या वर्षी १८ सामने जिंकून दिले होते. ब्रॉकचे यशस्वी फटके त्या हंगामात दर हजार संधींमागे अवघे २५१ होते. सौदा शिकागोच्या फायद्याचा आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढे काय झाले? उरलेल्या हंगामात ब्रॉकचे प्रमाण हजारी ३४८ झाले आणि सेंट लुइसने त्याच वर्षी जागतिक मालिका जिंकली. ब्रॉलियोचे कोपर दुखावलेले होते. शिकागोसाठी त्याने ७ सामने जिंकले आणि १९ गमावले.

आज सारे म्हणतात, सौदा मूर्खपणाचा होता. पण निर्णयाची परीक्षा आणि निकालाची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय जोखताना विचारावे : त्या दिवशी काय ठाऊक होते आणि काय ठाऊक करून घेता आले असते? आकडे १८ विजय सांगत होते. कोपर काय सांगते, हे आकड्यांत नव्हते.

जागेची किंमत

आता टपरीवरच्या दुसऱ्या मित्राकडे वळू. त्याचा आक्षेप धावांच्या हिशोबाने खोडता येत नाही. अकरांतली एक जागा पाहुण्याला दिली, की विदर्भातला एक मुलगा बाहेर बसतो. त्याने काय केले असते, हे कोणत्याच धावफलकावर दिसत नाही. तो खेळलाच नाही, म्हणून त्याची नोंद नाही. हिशोबात मात्र त्याला धरलेच पाहिजे.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्याच हंगामात विदर्भाच्या यश राठोडने ९६० धावा केल्या, नायरपेक्षा अधिक. हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील बळींचा विक्रम केला. मालेवारचा तर हा पहिलाच रणजी हंगाम होता आणि २१५ ची भागीदारी त्याने पाहुण्याबरोबरच केली. म्हणजे घरच्या मुलांची वाट बंद झाली नव्हती.

याआधीचे दोन विजय तपासा. मुंबईचा वसीम जाफर २०१५-१६ पासून विदर्भाकडे होता, पण पहिला करंडक आला २०१७-१८ मध्ये. त्या वर्षी चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते. कर्णधार फैज फजलने ९१२ धावा केल्या आणि रजनीश गुरबानीने ३९ बळी घेतले. पुढच्या वर्षी जाफरने स्वतः १०३७ धावा काढल्या आणि करंडक राखला गेला. पाहुणा, प्रशिक्षक, घरचे खेळाडू अशी अनेक कारणे एकाच वेळी काम करत असताना सारे श्रेय एकाला देणे शास्त्रीय नव्हे.

मग उत्तर काय?

धावांच्या हिशोबाने नायरचा सौदा विदर्भाला फायद्याचा ठरला, असे म्हणायला चांगला आधार आहे. पर्यायी फलंदाज ४० चा धरला तरी फायदा उरतोच. त्याने आधीच्या २०२३-२४ च्या हंगामातही ६९० धावा केल्या होत्या, म्हणजे पुरावा एका हंगामाचा नाही. कर्नाटकाचे नुकसान झाले का? त्याच वर्षी विजय हजारे करंडक त्यांनीच नेला. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटाच, असे नसते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी नायर पुन्हा कर्नाटकाकडे गेला आणि त्याची जागा मोकळी झाली. जो मुलगा बाहेर बसला होता, त्याच्यासारख्यांची आता परीक्षा आहे. त्यांच्या धावा वहीत टिपून ठेवा. पण पहिल्या दोन-चार डावांवरून निकाल देऊ नका; किमान सोळा डाव होऊ द्या. मग पुढच्या वेळी वाद रंगला, की “कोणाच्या तुलनेत?” आणि “किती डावांत?” हे दोन प्रश्न शांतपणे विचारा.