ग्रंथपालाचा पिंड

मुलगा अबोल आहे, चार माणसांत मिसळत नाही, पण वाचतो बरंच. तेव्हा त्याने ग्रंथपाल व्हावं, असा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. शांतता आवडणारा, पुस्तकांत रमणारा माणूस या कामाला शोभतो, असं आपण धरूनच चालतो. मला हा सल्ला उफराटा वाटतो. पुस्तकांची आवड हवीच, पण ती स्वयंपाक्याला भूक असावी इतपतच कामाची. या व्यवसायाला खरी गरज आहे ती परक्या माणसाच्या प्रश्नात मनापासून शिरण्याची.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांचंच पाहा. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्या रिकाम्या, निःशब्द दालनात त्यांचा जीव रमेना आणि त्यांनी पुन्हा शिकवायला जाण्याची खटपट केली. अबोलपणाच्या कसोटीवर ते पहिल्याच आठवड्यात नापास ठरले असते. पण त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आलं. तिथे मुलं, कामगार, गृहिणी सार्वजनिक ग्रंथालयं आपल्या हक्काची म्हणून वापरताना त्यांनी पाहिली आणि त्यांचं मत पालटलं. १९३१ साली त्यांनी पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. यातलं एकही सूत्र पुस्तकं जपून ठेवा असं सांगत नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाची अडचण ओळखणारा शिक्षक त्यांच्यात शेवटपर्यंत जागा होता, आणि माझ्या मते त्यांच्या थोरवीचं मूळ तिथे आहे.

देवघेवीच्या टेबलावर हे रोज दिसतं. तालुक्याच्या वाचनालयात एक शेतकरी येतो आणि म्हणतो, ‘कायद्याचं पुस्तक आहे का?’ पुस्तकं विषयवार लावण्याच्या ड्यूईच्या वर्गीकरणात कायदा ३४० या क्रमांकापासून सुरू होतो. त्या कपाटाकडे बोट दाखवणारा कर्मचारी नियमाने चुकत नाही, पण तो माणूस रिकाम्या हाताने परत जातो. जाणता ग्रंथपाल विचारतो, ‘काम काय आहे, काका?’ मग हळूहळू कळतं की वडील वारले, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची आहेत, तलाठ्याकडे खेटे घालून झाले आहेत आणि एका भावाची हरकत आहे. आता हवं असतं ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ वरचं सोप्या मराठीतलं पुस्तक, त्यातलं फेरफाराचं प्रकरण. माणूस पहिल्यांदा जे विचारतो ते बहुधा त्याला हवं असलेलं नसतं. संकोच असतो, नेमका शब्द ठाऊक नसतो. तो संकोच न दुखवता उलट प्रश्न विचारत जाणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे.

आणि जे कळलं ते पोटात ठेवावं लागतं. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक कोणी नेलं हे टेबलाबाहेर गेलं, की ती बाई पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही. तसंच आवडीनिवडीचं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मागणाऱ्याला आणि ज्ञानेश्वरीवरचं भाष्य मागणाऱ्याला सारख्याच तत्परतेने पुस्तक मिळालं पाहिजे. इथे निव्वळ पुस्तकवेडा माणूस अडखळतो. त्याला चांगली प्रत बाहेर द्यायला जिवावर येतं आणि कसरीने पोखरलेल्या पुस्तकांचं निर्लेखनही त्याच्याने होत नाही. कपाटं गच्च, कुलूपबंद राहतात.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती १९४४ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथालयं धुंडाळून नोंदीमागून नोंद करत जाण्याचं ते काम एकांतातल्या चिकाटीशिवाय झालंच नसतं. मग अंतर्मुख, काटेकोर स्वभावाचं महत्त्व कमी कसं मानायचं? ते कमी नाहीच. दाखल नोंदवहीतला एक आकडा चुकला किंवा तालिकेतलं पुस्तक भलत्याच फळीवर गेलं, तर ते असून नसल्यासारखं. पण सूचीकाराची चिकाटीही कोणासाठी तरी असते. पुढे कधीतरी येणारा, आपल्याला कधीच न भेटणारा अभ्यासक काय शोधेल याचा अंदाज घेतच प्रत्येक नोंद करावी लागते. अबोल माणसालाही ही आस्था असू शकते आणि बोलक्यात तिचा पत्ता नसू शकतो. म्हणून अंतर्मुख की बहिर्मुख ही विभागणीच मला इथे निरुपयोगी वाटते.

मोबाइलवर सगळं मिळत असताना ग्रंथपाल हवाय कशाला, असंही विचारलं जातं. मोबाइल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्या शेतकऱ्याला प्रश्नच नीट मांडता येत नव्हता. पगाराचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं, पण सगळ्यात खालच्या, ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल त्या अनुदानावर घर चालवू शकत नाही. स्वभावाच्या गोष्टी सांगून त्याला राबवून घेणं अन्याय्य आहे. वेतनश्रेणी आधी हवी. ती मिळाल्यावर मुलाखतीत मात्र ‘वाचनाची आवड आहे का?’ हे विचारणं थांबवावं. उमेदवारापुढे एक मोघम, अर्धवट मागणी ठेवावी आणि उत्तर देण्याआधी तो किती प्रश्न विचारतो, कसे विचारतो, ते पाहावं.