शिंप्याचं सॉफ्टवेअर आणि नऊवारी

जबलपूरच्या गोहलपूर, लेमा गार्डन भागात तयार सलवार-सूट शिवले जातात. तिथून लांब, डुमना विमानतळाच्या बाजूला, २००५ साली सुरू झालेल्या ट्रिपल आयटीडीएमच्या आवारात संगणकशास्त्र आणि डिझाइन दोन्ही शिकवतात. पडद्यावर खरं वाटणारं कापड हा विषय या दोन्ही पत्त्यांचा. इथल्या मराठी घरांतल्या कपाटातल्या नऊवारीपाशी आलं की मात्र हे शास्त्र अडखळतं.

मूळ अडचण कापडाच्या स्वभावात आहे. ताणलं तर ते जेमतेम ताणलं जातं, वाकवलं तर लगेच वाकतं. १९८६ मध्ये जेरी वाइल यांनी टांगलेल्या कापडाचा आकार भूमितीनं काढला. पुढच्याच वर्षी टेर्झोपौलॉस आणि सहकाऱ्यांनी त्यात भौतिकशास्त्र आणलं. मग रूढ झाली ती बिंदूंची जाळी: शेजारचे बिंदू स्प्रिंगांनी जोडायचे आणि क्षणाक्षणाला बल मोजायचं. पण ताणाच्या स्प्रिंगा फार कडक. दोन क्षणांतलं अंतर जरा वाढवलं की बिंदू सैरावैरा उडतात. १९९८ मध्ये बॅराफ आणि विटकिन यांनी पुढच्या क्षणाची बलं धरून सगळी समीकरणं एकत्र सोडवली आणि अंतर बरंच वाढवता आलं. गेममध्ये तेवढीही सवड नसते. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. तिथे म्यूलर आणि सहकाऱ्यांची २००६ ची युक्ती चालते: बल मोजत न बसता बिंदूच योग्य अंतरावर सरकवायचे. अचूकता थोडी जाते, कापड मात्र शाबूत राहतं. सौदा वाईट नाही.

सलवार-सूटला हे सगळं छान लागू पडतं. ‘मार्व्हलस डिझायनर’सारखी सॉफ्टवेअर शिंप्याच्याच डोक्यानं चालतात. पुढा, पाठ, बाही असे तुकडे कापायचे, पुतळ्याभोवती मांडायचे, शिवणी जोडायच्या. कापडाला कात्री लागण्याआधीच मास्टरला झोळ दिसतो.

नऊवारीला कटिंगच नाही. सव्वाआठ मीटरचा सलग पट्टा. पन्हा सव्वा मीटर आणि दर सेंटिमीटरला एक बिंदू धरला तरी लाखभर बिंदू होतात. अर्ध्या सेंटिमीटरवर उतरलात की चौपट. निऱ्यांना तर बारीक जाळीच हवी. सध्या आयआयटी दिल्लीत असलेले राहुल नारायन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर तोड काढली: चुणी पडेल तिथेच जाळी बारीक करायची, सपाट भागात विरळ ठेवायची. पण मापापेक्षा कठीण आहे ते नेसणं. साडी अंगावर राहते ती घर्षणानं आणि खोचण्यानं. ॲनिमेशनमध्ये पात्राच्या काखेत कापड चिमटलं की गणित गुंतायचं. तो गुंता सोडवण्यासाठी बॅराफ, विटकिन आणि कास यांनी २००३ मध्ये वेगळी पद्धतच मांडली. काष्ट्यात आणि कमरेशी तर थरावर थर कायम चिमटलेलेच असतात. टी-शर्टात जो अपघात, तो इथे पोशाखाचा पाया.

रंगाचं प्रकरण याहून रंजक. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. प्रत्येक धागा म्हणजे बारीकसा दंडगोल, त्यावर चमक एका रेघेत उमटते. दोन्ही धागे काटकोनात, म्हणून ताण्याची चमक एका कोनातून दिसते, बाण्याची दुसऱ्या. पदर वळला की जांभळ्यातून हिरवा डोकावतो तो यामुळे. साडीचा फोटो जाळीवर डकवला तर दोन रंगांची सरासरी होते आणि हाती मळकट राखाडी लागतो. इरावन आणि मार्शनर यांनी विणीनुसार चमक मोजली (२०१२), सादेघी आणि सहकाऱ्यांनी ताण्याबाण्याचा वेगळा हिशेब मांडला (२०१३). आयआयटी मुंबईत शिकलेल्या कविता बाला आणि सहकाऱ्यांनी त्याआधी, २०११ मध्ये, कापडाचं चक्क सीटी स्कॅन करून तंतूंच्या पातळीवर चित्र काढलं. देखणं, पण संगणकाला घाम फोडणारं. त्यात जर आली की आणखी भर: रेशमाच्या तंतूत उजेड आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो, धातू तो पृष्ठभागावरूनच परतवतो. दोन्हींना एकच सूत्र लावलं की जर पिवळ्या प्लास्टिकसारखी दिसते.

सूत्रं बरीच तयार आहेत, पण त्यांत भरायला आकडे लागतात. कापडाचा ताण, वाक, घर्षण मोजायची यंत्रं जपानच्या सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकातच बनवली, आणि ब्रीन, हाउस व वोझ्नी यांनी १९९४ मध्ये ते आकडे संगणकात वापरलेही. ट्रिपल आयटीडीएममधल्या कुणाला प्रकल्प हवा असेल, तर मी नवं सूत्र शोधायला सांगणार नाही. एक खळ असलेली कोरी सुती नऊवारी घ्यावी, एक धुऊन मऊ झालेली, आणि दोन्हींचं घर्षण निरीवर निरी ठेवून मोजावं.